सेंट्रल पार्कलगतच्या जुन्या को-ऑप इमारतीत राहायचं तर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू यॉर्कमध्ये स्थिरावलेली मराठी कुटुंबं घर घ्यायचा विचार करू लागली की कधी ना कधी सेंट्रल पार्कच्या कडेच्या जुन्या इमारतींपाशी येऊन थबकतात. मी सेंट्रल पार्क वेस्ट या पार्कच्या पश्चिम कडेच्या रस्त्यावरच्या अशाच एका इमारतीत राहते, तिच्या बोर्डावरही, म्हणजे आपल्या सोसायटीच्या कमिटीसारख्या मंडळावरही, काम केलं आहे. त्यामुळे ओळखीतून, मंडळातून, कधी अगदी लग्नाच्या पंगतीतही हे प्रश्न माझ्यापर्यंत येतात. माझं मत आधीच सांगते, म्हणजे पुढची उत्तरं त्या नजरेने वाचता येतील. या इमारतींमध्ये घराबरोबर शेजारी, नियम आणि शंभरेक वर्षांची इमारत सांभाळायची जबाबदारी हे सगळं पदरात पडतं. ते मनापासून हवं असेल तरच इकडे वळावं.

को-ऑप म्हणजे आपल्या मुंबईच्या सोसायटीसारखंच ना?

बरंचसं तसंच, पण तीन ठिकाणी फरक आहे आणि तिथेच आपली माणसं फसतात.

सारखेपणा असा : इमारत एका संस्थेच्या मालकीची असते. तुम्ही त्या संस्थेचे शेअर घेता आणि त्या शेअरांच्या जोरावर तुम्हाला तुमच्या घरात राहायचा हक्क मिळतो. या हक्काच्या कराराला प्रोप्रायटरी लीज म्हणतात. गावदेवीच्या सारस्वत सोसायटीपासून, म्हणजे १९१५ पासून, मुंबईकरांना शेअर सर्टिफिकेट आणि वार्षिक सभा हा प्रकार ठाऊक आहे. न्यू यॉर्कमध्ये अशा इमारती १८८० च्या दशकातच उभ्या राहू लागल्या होत्या.

आता फरक. पहिला मतांचा. महाराष्ट्रात एक सभासद, एक मत. घर एक खोलीचं असो की चार, शेअर बहुतेक ठिकाणी तेवढेच. न्यू यॉर्कमध्ये घराचा आकार, मजला आणि पार्क दिसतो की नाही यावर शेअर ठरतात. जितके शेअर तितकी मतं आणि तितकाच मेंटेनन्सचा वाटा. दुसरा फरक कर्जाचा. इथे खुद्द संस्थेच्या डोक्यावर इमारतीचं गहाण कर्ज असू शकतं आणि त्याचा हप्ता तुमच्या मेंटेनन्समधून जातो. तिसरा फरक प्रवेशाचा, त्याचं उत्तर पुढे स्वतंत्र देते.

‘प्री-वॉर’ म्हणजे कुठल्या युद्धाच्या आधीची?

दुसऱ्या महायुद्धाच्या. पार्ककडेच्या नावाजलेल्या बहुतेक इमारती मात्र १९१० ते १९३१ या दोन दशकांत बांधलेल्या आहेत. बेरेसफर्ड १९२९ ची, सान रेमो १९३० ची, दोन्ही एमरी रॉथ या वास्तुकाराच्या. मॅजेस्टिक आणि एल्डोराडो १९३१ च्या. डाकोटा या सगळ्यांची आजी, १८८४ ची. पार्क वेस्टवर जे जोडमनोरे दिसतात त्यामागे १९२९ चा कायदा आहे. मोठ्या भूखंडावरच्या निवासी इमारतींना त्याने उंच मनोरे चढवायची मुभा दिली. त्याच वर्षी शेअर बाजार कोसळला आणि काही वर्षांतच असं बांधकाम थांबलं. आज दिसणारी आकाशरेषा त्या एका छोट्या खिडकीतून निसटून आलेली आहे. पार्क वेस्टच्या यातल्या बऱ्याच इमारती आधी भाड्याच्या होत्या आणि को-ऑप नंतर झाल्या. डाकोटा १९६१ मध्ये झाली.

पण त्यांचं एवढं कौतुक कशासाठी?

आराखड्यासाठी. दलाल ‘क्लासिक सिक्स’ म्हणतात तेव्हा त्यात दिवाणखाना, वेगळी जेवणाची खोली, स्वयंपाकघर, दोन झोपायच्या खोल्या आणि स्वयंपाकघरामागची कामवाल्या बाईची छोटी खोली अशा सहा खोल्या येतात. बाथरूम मोजत नाहीत. दारातून आत आलात की थेट सोफ्यावर पोचत नाही, आधी एक प्रशस्त फॉयर लागतं. पाहुण्यांचा वावर एका बाजूला, झोपायच्या खोल्या दुसऱ्या बाजूला. आजारी माणूस आत पडून असला आणि बाहेर दहा जण बसलेले असले तरी कुणाचा कुणाला त्रास होत नाही. नऊ-दहा फुटी छत, प्लास्टरच्या जाड भिंती, तिरक्या नक्षीत बसवलेल्या ओकच्या पट्ट्यांची जमीन. शेजारी पियानो शिकतो हे मला लिफ्टमध्ये त्यांच्याकडूनच कळलं.

आणि आपल्या दृष्टीने मोलाची गोष्ट : स्वयंपाकघराला दार असतं. नव्या काचेच्या मनोऱ्यांत फोडणी घातली की दिवाणखान्यातल्या पडद्यांना तीन दिवस हिंगाचा वास येतो. इथे दार ओढून घ्यायचं, बहुतेक घरांत इमारतीच्या आतल्या चौकाकडे उघडणारी खिडकी असते ती उघडायची. मात्र चुलीवरच्या पंख्याचा पाइप बाहेर काढायला सहसा परवानगी मिळत नाही, त्यामुळे पंखा हवा गाळून पुन्हा आतच सोडणारा असतो. तळण असेल त्या दिवशी खिडकीवरच भिस्त.

पार्क वेस्ट घ्यावं की फिफ्थ अव्हेन्यू?

पार्क वेस्टच्या घरांना सकाळचं ऊन मिळतं, पूर्व कडेच्या फिफ्थच्या घरांना सूर्यास्त. पार्क वेस्टच्या खालून बी आणि सी या सबवे गाड्या धावतात. सोय मोठी, पण खालच्या मजल्यांवर रात्री जमिनीत हलकी थरथर जाणवते, म्हणून घर बघायला संध्याकाळी जा. फिफ्थच्या उत्तर भागात पायाखाली सबवे नाही, शेजारी मेट्रोपॉलिटन म्युझियम आहे आणि तिथली बोर्डं जास्त कडक म्हणून ओळखली जातात. मी पश्चिमेची आहे, माझा कल उघड आहे.

बोर्ड खरंच कारण न सांगता नकार देऊ शकतं?

हो. हाच तो तिसरा फरक.

महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यात पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही आणि अर्जावर तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर सभासदत्व मिळाल्याचं मानलं जातं. न्यू यॉर्कमध्ये बोर्ड ‘नाही’ म्हणतं आणि तिथे विषय संपतो. वंश, धर्म, मूळ देश, कुटुंबात लहान मुलं असणं अशा कारणांवरून नाकारणं बेकायदा आहे. पण कारण सांगायचंच नसल्यामुळे भेदभाव झाला हे सिद्ध करणं फार अवघड जातं. प्रसिद्धी आणि पैसा असून भागत नाही. १९८५ मध्ये सान रेमोच्या बोर्डाने गायिका मॅडोनाला नकार दिला होता.

बोर्डावर बसूनही मला ही पद्धत अन्यायाची वाटते. बोर्डाने कारण लेखी द्यावं या मताची मी आहे आणि ते मी सभेत मांडलेलं आहे. घर घेणाऱ्याचे महिने आणि पैसे त्यात गुंतलेले असतात, त्याला एक ओळीचं उत्तर मिळणं योग्य नाही. पण पद्धत आज अशी आहे, तेव्हा तयारीनिशी जा.

काय काय कागद लागतात? भारतातली मालमत्ता धरतात का?

दोन-तीन वर्षांची करविवरणं, बँकेची आणि गुंतवणुकीची विवरणपत्रं, नोकरीचं पत्र, घरमालकाचं पत्र, ओळखीच्यांची आणि कामातल्या लोकांची शिफारसपत्रं, सगळी मालमत्ता आणि देणी एका तक्त्यात. प्रत्येक आकड्याला मागे कागद हवा. तक्त्यातली रक्कम आणि विवरणपत्रातली रक्कम शंभर डॉलरने जरी जुळली नाही तरी अर्ज परत येतो.

बोर्ड तीन गोष्टी बघतं. उत्पन्नाचा किती हिस्सा घराच्या खर्चात जाणार, हा साधारण पंचवीस ते तीस टक्क्यांच्या आत असावा लागतो. किती रक्कम रोख भरणार, वीस टक्क्यांपासून पन्नासपर्यंत, आणि काही इमारतींत कर्ज चालतच नाही, पूर्ण रक्कम रोख. आणि व्यवहार झाल्यावर हाताशी लगेच मोडता येतील असे पैसे किती उरतात. कित्येक अर्ज या तिसऱ्या मुद्द्यावर पडतात. ठाण्याचा फ्लॅट, गावची जमीन, पीएफ, आईने दिलेलं सोनं, हे सगळं तुमच्या दृष्टीने भक्कम असलं तरी बोर्डाच्या तक्त्यात त्याला ‘हाताशी असलेला पैसा’ मानत नाहीत.

भारतातून पैसे आणायचे असतील तर वर्षभर आधी सुरुवात करा. निवासी भारतीयाला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, अनिवासी भारतीयाला एनआरओ, म्हणजे भारतातल्या त्याच्या रुपयांच्या, खात्यातून १० लाख डॉलरपर्यंत. आई-वडिलांनी दिलेली रक्कम असेल तर ती भेट आहे, परत करायची नाही, असं त्यांचं सहीचं पत्र लागतं. पैसे अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात आले की प्रश्न वाढतात. काही महिने खात्यात मुरलेले असले की कुणी फारसं विचारत नाही. व्हिसावर असाल तर त्याची मुदत आणि ग्रीन कार्डाची स्थिती अर्जाबरोबरच्या पत्रात स्वतःहून लिहा.

मुलाखतीत काय विचारतात?

कागद पसंत पडल्याशिवाय बहुधा मुलाखतीला बोलावत नाहीत, तेव्हा घाबरू नका. विचारलं तेवढंच सांगा, स्वयंपाकघर पाडून मोठं करायचे बेत तिथे मांडू नका.

किमतीशिवाय किती खर्च धरावा?

मेंटेनन्स दर महिन्याला हजारो डॉलर असतो. त्यात संस्थेच्या कर्जाचा हप्ता, मालमत्ता कर, नोकरवर्गाचे पगार, इंधन, विमा हे सगळं येतं. कर आणि व्याजाचा जो भाग तुमच्या वाट्याला येतो तो अमेरिकी करकायद्याच्या २१६ व्या कलमाप्रमाणे, इतर मर्यादा सांभाळून, तुमच्या विवरणात वजावटीला धरता येतो. संस्था दर वर्षी तो आकडा कळवते.

घर १० लाख डॉलर किंवा त्याहून महाग असेल तर घेणाऱ्याला ‘मॅन्शन टॅक्स’ लागतो. तो एक टक्क्यापासून सुरू होतो आणि २०१९ पासून २० लाखांच्या वर पायऱ्यापायऱ्यांनी चढत २.५ कोटींना ३.९ टक्क्यांवर जातो. विकताना बऱ्याच इमारती ‘फ्लिप टॅक्स’ घेतात, बहुधा एक ते तीन टक्के. तो सरकारजमा होत नाही, संस्थेच्या गंगाजळीत जातो. जमेची बाजू अशी की तुम्ही कायद्याने जमीनजुमला घेत नसून शेअर घेत असता, त्यामुळे गहाणखत नोंदणीचा कर लागत नाही आणि कॉन्डोच्या, म्हणजे जिथे घर थेट तुमच्या मालकीचं होतं त्या इमारतींच्या, मानाने मोठी रक्कम वाचते.

शिवाय छत, लिफ्ट, बॉयलर असं काही मोठं निघालं की वर्गणी काढतात. ती कधी येईल हे सांगता येत नाही, पण येते.

घर भाड्याने देता येतं का? आई-वडील येऊन राहिले तर?

आई-वडील खुशाल राहू देत, फक्त खाली डोअरमनला नाव कळवा. भाड्याचं मात्र गुंतवणूक म्हणून गणित मांडू नका. मुंबईत दहा टक्के बिनभोगवटा शुल्क भरलं की पोटभाडेकरू ठेवता येतो. इथे अनेक इमारतींत काही वर्षं स्वतः राहिल्यावर, पाच वर्षांतून दोन वर्षं, तेही बोर्डाच्या परवानगीने, अशी मर्यादा असते. काही ठिकाणी अजिबात नाही. त्यामुळेच लिफ्टमध्ये तीच माणसं वर्षानुवर्षं भेटतात आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

घरात बदल करता येतात का?

रंग लावा, कपाटं करा. भिंत, पाइप किंवा वीज यांना हात लावायचा असेल तर इमारतीचा करार, इमारतीच्या इंजिनिअरची तपासणी, कंत्राटदाराचा विमा आणि अनामत रक्कम. आवाजाची कामं बऱ्याच इमारतींत फक्त उन्हाळ्यात, मे अखेर ते सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत करू देतात. दुसऱ्याच्या झोपायच्या खोलीवर तुमची न्हाणी येईल असा बदल सहसा मंजूर होत नाही. घरात कपडे धुण्याचं यंत्र बसवायलाही अनेक ठिकाणी मनाई असते, कारण जुन्या सांडपाण्याच्या नळांना साबणाचा फेस झेपत नाही आणि तो खालच्या मजल्यावरच्या मोरीतून वर येतो.

बोर्डाचा अधिकार किती याचा न्यू यॉर्कमधला महत्त्वाचा निकाल असल्याच एका पाइपावरून लागला. वन फिफ्थ अव्हेन्यू या इमारतीतल्या एका रहिवाशाला स्वयंपाकघर नीट करताना वाफेचा उभा पाइप थोडा सरकवायचा होता. बोर्डाने अडवलं, प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९० मध्ये न्यायालयाने सांगितलं की बोर्डाने अधिकारात राहून, प्रामाणिकपणे, संस्थेच्या हितासाठी निर्णय घेतला असेल तर आम्ही त्यात पडणार नाही. तो पाइप एका घरातून जात असला तरी ऊब सगळ्या मजल्यांची असते. जुन्या इमारतीत कुठलीच भिंत पुरती तुमची नसते हे सामान हलवण्याआधी स्वीकारलंत तर पुढची वर्षं सुखाची जातील.

हिवाळ्यात गारठतं का?

उलट उकडतं. तळघरातल्या बॉयलरमधून वाफ वर येते आणि खिडकीखालचे लोखंडी रेडिएटर तापतात. पहाटे आधी पाइप ठकठकतात, मग झडपेतून सुस्कारा येतो आणि खोली तापू लागते. नवीन माणसाला दचकायला होतं, महिन्याभरात तो आवाज घड्याळासारखा अंगवळणी पडतो. १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात बाहेर ५५ अंश फॅरनहाइटच्या खाली गेलं की दिवसा घरात किमान ६८ अंश, म्हणजे २० सेल्सिअस, ठेवणं शहराच्या नियमाने बंधनकारक आहे. प्रत्यक्षात वरच्या मजल्यांवर भर जानेवारीत लोक खिडकी फटभर उघडी ठेवतात. हवा कोरडी पडते, रेडिएटरवर पाण्याचं भांडं ठेवा.

उन्हाळ्याचा प्रश्न खरा. मध्यवर्ती एसी क्वचितच असतो, आणि वीज जुन्या मापाची असते. ओव्हन, दोन एसी आणि मिक्सर एकदम चालवण्याआधी पॅनेलची क्षमता विचारून घ्या.

इमारतीभोवती सतत परांच्या का दिसतात?

१९७९ मध्ये ब्रॉडवेवरच्या एका इमारतीचा तुकडा डोक्यात पडून बर्नार्ड कॉलेजची एक विद्यार्थिनी गेली. पुढच्या वर्षी कायदा झाला, १९९८ मध्ये तो आणखी कडक झाला. आता सहा मजल्यांहून उंच प्रत्येक इमारतीची दर्शनी बाजू दर पाच वर्षांनी तज्ज्ञाकडून तपासावी लागते. नक्षीकाम जितकं जास्त तितकं तपासायला आणि बुजवायला जास्त. खिडकीपुढे जाळी लागते, पार्क महिनोनमहिने दिसेनासा होतो आणि हे सगळं तुमच्याच पैशांनी. तरी याबद्दल कुरकुर करू नये असं मला वाटतं, खालच्या फुटपाथवरून शाळेची मुलं जातात.

रिडेव्हलपमेंट होऊन मोठं घर मिळेल का?

नाही. पार्क वेस्टचा मोठा पट्टा १९९० पासून वारसा विभागात येतो. इथे खिडकीची चौकट बदलायलाही शहराच्या वारसा आयोगाची परवानगी लागते, पाडणं दूरच. खर्चाचा नवा विषय वेगळा आहे. २०१९ च्या लोकल लॉ ९७ प्रमाणे २५,००० चौरस फुटांहून मोठ्या इमारतींना कार्बन उत्सर्जनाची मर्यादा आहे, ती २०२४ पासून लागू झाली आणि २०३० पासून आणखी आवळली जाईल. मर्यादेवरच्या प्रत्येक टनाला वर्षाला २६८ डॉलर दंड. वाफेचे जुने बॉयलर असलेल्या इमारतीला हे जड जाणार आहे. घर बघताना बोर्डाची यावर काय योजना आहे ते विचाराच.

डोअरमन, सुपर, पोर्टर यांच्याशी कसं वागायचं?

नाव घेऊन, नमस्कार करून. सुपर म्हणजे इमारतीचा कारभारी. तो बहुधा इमारतीतच राहतो आणि कुठल्या नळाची चावी कुठे आहे हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. ही मंडळी ३२बीजे या कामगार संघटनेची सभासद असतात, पगार-रजा करारात ठरलेल्या असतात. तरी डिसेंबरमध्ये प्रत्येकाला पाकिटात पैसे घालून द्यायची रीत आहे, आपल्या दिवाळीच्या पोस्तासारखीच. हात आखडू नका. माझ्या आईला चक्कर आली तेव्हा रुग्णवाहिका येईपर्यंत तिच्याजवळ बसलेला माणूस आमचा डोअरमन होता.

गणपती, दिवाळी करता येतात का?

घरात सगळं करता येतं. दारापुढचा व्हरांडा संस्थेचा असतो. रांगोळीसाठी आधी विचारा, पेटत्या पणत्या मात्र बाहेर अजिबात ठेवू नका, आगीच्या नियमात बसत नाही. आत उदबत्ती-धुपाच्या वेळी धूरसूचकाचं भान ठेवा. पाहुण्यांची यादी आदल्या दिवशी खाली द्या. बऱ्याच इमारतींत ऐंशी टक्के जमीन गालिच्याने झाकायचा नियम आहे, खालच्यांना पावलं ऐकू जातात म्हणून. आरतीला चाळीस माणसं उभी राहणार असतील तर खालच्या घरी चिठ्ठी आणि प्रसाद दोन्ही पाठवा. विसर्जन पार्कच्या तळ्यात करता येत नाही, शाडूची छोटी मूर्ती घरी बादलीत विरघळवा.

लहान मुलं असतील तर?

दहा वर्षांपर्यंतचं मूल असेल तर खिडक्यांना गज लावून देणं इमारतीवर बंधनकारक आहे. शहरात घरांसाठी शिशाच्या रंगावर १९६० मध्ये बंदी आली, म्हणजे या घरांत आतल्या थरांत तो असणार असंच धरा. रंग खरवडण्याआधी तपासणी करून घ्या.

पार्क समोर असल्याचा रोजच्या जगण्यात काय फरक पडतो?

सगळ्यात जास्त. म्हणूनच बाकीचं सगळं सोसलं जातं.

ओल्मस्टेड आणि व्हॉक्स यांनी १८५८ मध्ये आखलेला हा ८४३ एकरांचा पार्क पहाटे सहापासून रात्री एकपर्यंत उघडा असतो. जून २०१८ पासून आतल्या रस्त्यांवर मोटारी नाहीत. सकाळी नऊच्या आधी ठरलेल्या भागांत कुत्री मोकळी सोडता येतात आणि त्या तासाभरात आमच्या रस्त्यावरची निम्मी माणसं एकमेकांना कुत्र्यांच्या नावांनी ओळखू लागतात. रेझरव्हॉयर या पार्कातल्या मोठ्या तलावाभोवतीची अडीच किलोमीटरची वाट चालून मग कामाला जाता येतं. मे महिन्यात रॅम्बल या झाडीच्या भागात दुर्बिणी घेतलेली माणसं कुजबुजत उभी असतात, कारण उत्तरेकडे निघालेले इवलेसे वॉर्ब्लर पक्षी या हिरव्या तुकड्यावर उतरतात. पहिल्या वर्षी मी फक्त हिरवं बघत होते, आता कुठल्या एल्मला आधी पालवी फुटते ते माहीत आहे.

पार्क आणि इमारती यांचं नातं बोर्डांनाही कधीकधी शिकावं लागलं आहे. ९२७ फिफ्थ अव्हेन्यूच्या दर्शनी कंगोऱ्यावर पेल मेल नावाने ओळखला जाणारा लाल शेपटीचा ससाणा वर्षानुवर्षं घरटं करायचा. डिसेंबर २००४ मध्ये बोर्डाने ते काढून टाकलं. पक्षीप्रेमी समोर फुटपाथवर फलक घेऊन उभे राहिले, रहिवाशांतही नाराजी उसळली आणि त्याच महिन्यात बोर्डाने घरट्यासाठी तिथे पोलादी आधार बसवून दिला.

पार्कावर रहिवाशांचा काही खास हक्क असतो का?

काहीही नाही, आणि तेच बरोबर आहे. पार्क शहराचा आहे. देखभाल १९८० मध्ये स्थापन झालेली सेंट्रल पार्क कॉन्झर्व्हन्सी करते, मुख्यतः देणग्यांवर. शक्य तेवढी देणगी द्या.

गर्दी, आवाज?

थँक्सगिव्हिंगची मिरवणूक पार्क वेस्टवरूनच जाते आणि आदल्या संध्याकाळी नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या दोन्ही अंगांना फुगे फुगवायला घेतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मॅरेथॉन पार्कात संपते. त्या दिवशी गाडीने कुठे जायचे बेत करू नका.

सही करण्याआधी शेवटचं काय तपासावं?

वकिलाला बोर्डाच्या सभांची मागच्या दोन-तीन वर्षांची इतिवृत्तं वाचायला सांगा. गळती, भांडणं, वर्गणीची चर्चा, ढेकूण, सगळं त्यात असतं. आर्थिक पत्रकात राखीव निधी किती, संस्थेच्या कर्जाची मुदत कधी संपते आणि तेव्हा व्याजदर बदलला तर मेंटेनन्स कितीने वाढेल ते पाहा. इमारतीखालची जमीन संस्थेचीच आहे ना, हेही विचारा. जमीन भाडेपट्ट्यावर असेल तर पट्टा संपत आल्यावर भाडं भरमसाट वाढू शकतं, आणि अशा घराची किंमत सुरुवातीला मोहात पाडण्याइतकी कमी असते.